दिवस मोजू नका, दुपारी मोजा

पार्सल खिडकी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात संपादकांनी एक चौकट छापली होती : 'खाण्याचं, नाशिवंत, नाजूक असं काही पाठवायचं असेल तर ताईंना विचारा.' मला वाटलं, पापड-लोणच्यावर भागेल. पत्रं आली ती भरतापासून गांडुळांपर्यंत. एकीनं इन्शुलिन विचारलंय. जागेत मावतील तेवढी आठ घेतली.

नवीन वाचकांसाठी माझी ओळख. टपाल खात्यात अडतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्मी पार्सलच्या खिडकीवर. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत बदल्या झाल्या. मी लागले तेव्हा लोक पार्सल मांजरपाटात शिवून आणायचे, शिवणीवर लाखेची सीलं. दाभण आणि सुतळी मी ड्रॉवरमध्येच ठेवायची, कारण दर दुसऱ्या पार्सलाची शिवण उसवलेली. खिडकीशी माणूस आला की विचारणार, "ताई, किती दिवसांत पोचेल?" मी उलट विचारायची, "वाटेत किती दुपारी लागतील?" माणूस बुचकळ्यात पडायचा.

आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या वर जातो. ते सावलीतलं. पत्र्याच्या शेडखाली, बंद टेम्पोत काय होत असेल ते टेम्पोच्या हौद्याला हात लावून बघा. शिजवलेल्या अन्नातल्या जंतूंना साधारण ५ ते ६० अंशांमधली ऊब चालते, आणि ती जितकी आपल्या अंगाच्या उबेजवळची, तितकी त्यांची वाढ झपाट्यानं होते. पौषातला दोन दिवसांचा प्रवास आणि वैशाखातला दोन दिवसांचा प्रवास, दोन्हींची पावती सारखीच निघते, पण डब्यात घडतं ते वेगळं. म्हणून दुपारी मोजायच्या. शनिवारी दुपारी दिलेलं पार्सल रविवारी तिथंच बसून राहतं, ती एक दुपार फुकट गेली. राखीच्या, दिवाळीच्या आठवड्यात आणखी एक धरा. सोमवार-मंगळवारी, त्या दिवशीची बॅग बंद व्हायच्या जरा आधी द्यायचं. बॅग किती वाजता बंद होते ते खिडकीवर विचारा, सांगतात.

प्रश्न : मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे. थंडी पडली की भरताची आठवण काढतो. गेल्या वर्षी भरीत केलं, वरून लसणाची तेलातली फोडणी घातली आणि एका दुकानातून पिशवीतली हवा काढून ती बंद करून घेतली. चौथ्या दिवशी पोचली तेव्हा पिशवी जराशी फुगली होती. वास चांगला होता म्हणून त्यानं थोडं खाल्लं, काही झालं नाही. यंदा जास्त पाठवू का?
— एक आई, यावल तालुका

उत्तर : नका पाठवू, वहिनी. काही झालं नाही हे नशीब समजा.

हवा काढली की अन्न टिकतं, असा आपला समज आहे. बुरशीच्या बाबतीत तो बराचसा खरा. पण मातीत राहणारा एक जंतू असा आहे, की त्याला हवा नसेल तरच तो वाढतो. त्याचं बीज उकळत्या पाण्यातही मरत नाही. त्याला काय लागतं बघा : आंबट नसलेलं, ओलसर अन्न, हवा नाही, वर तेलाचा थर, आणि ऊब. म्हणजे तुमची पिशवीच. लसूण जमिनीत वाढतो, त्यामुळे तेलात बुडवून बाहेर ठेवलेला लसूण हे या विषबाधेचं जुनं, माहीत असलेलं कारण आहे. डॉक्टर तिला बोट्युलिझम म्हणतात. वासानं, चवीनं कळत नाही. पापण्या जड होतात, एकाची दोन दिसायला लागतात, घास गिळवत नाही, आणि पुढे श्वासाचे स्नायूच थकतात. असं कुणाला वाटलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखान्यात. फुगलेली पिशवी चाखून बघायची नसते, न उघडता फेकायची असते. लिंबू पिळला तर चालेल का, असं तुम्ही विचाराल. आंबटपणा मोजून ठरवायचा असतो, जिभेवर ठरत नाही, म्हणून त्यावरही विसंबू नका.

आता मार्ग सांगते. भरीत पाठवू नका, वांगी पाठवा.

जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोदचं वांगं तर तुमच्या तालुक्यातलंच. बंगळुरूच्या बाजारात मिळतं ते काळं-जांभळं वांगं बघून पोरगं काय म्हणत असेल ते मला कळतं. आपलं वांगं हिरवट, पांढऱ्या रेघांचं, बी कमी, गर लोण्यासारखा. ते सकाळी लवकर तोडा. देठ ठेवा, धुऊ नका. पाणी लागलं की देठाशी बुरशी धरते. फ्रिजमध्येही ठेवू नका : वांग्याला थंडी सोसत नाही, १० अंशांच्या खाली सालीवर खड्डे पडतात आणि आतून तपकिरी होतं, तेही बाहेर काढल्यावर दुसऱ्या दिवशी दिसतं. प्रत्येक वांगं वेगळं वर्तमानपत्रात गुंडाळा (इथं शाईची भीती नाही, साल आपण टाकूनच देतो), खोक्याला चारी बाजूंनी बोटाएवढी भोकं पाडा, एकावर एक दोनपेक्षा जास्त थर नकोत. पौष-माघात तीन दुपारी सहज काढतं.

सोबत सुका लसूण, शेंगदाणे, कळण्याचं पीठ. कांद्याची पात पाठवू नका, पिवळी पडते आणि सगळ्या खोक्याला वास लावते. ती तिकडे मिळेल. हिरव्या मिरच्या देठासकट, कोरड्या कापडात. मुलाला सांगा, वांग्याला तेलाचा हात लावून सुरीनं चार ठिकाणी टोचायचं आणि मग गॅसवर ठेवायचं. टोचलं नाही तर फुटतं आणि सगळी शेगडी गरानं माखते. बडगी त्याच्याकडे नसणार. लाटण्याच्या टोकानं ठेचलं तरी चालतं, मिक्सर मात्र लावू नको म्हणावं.

आणि हो, एका गृहस्थांनी पूर्वी माझ्या खिडकीवर वांग्यांबरोबर पऱ्हाट्यांची जुडी आणली होती. "ताई, पऱ्हाटीवर भाजल्याबिगर चव येत नही." खरंच येत नाही. पण कापसाच्या त्या काड्यांना दोन-चार न फुटलेली बोंडं तशीच लटकत होती. गुलाबी बोंडअळी अशा उरलेल्या बोंडांतच दडून बसते. मी जुडी परत केली. ते माझ्यावर बरेच दिवस रुसून होते.

प्रश्न : पार्सलावर लाल शाईनं 'नाशिवंत, तातडीचे' असं मोठं लिहिलं तर लवकर जातं का?
— एक विद्यार्थी, चाळीसगाव

उत्तर : नाही. पिन कोड नीट लिहिला तर जातं.

बाळा, तुझ्याच गावाचं उदाहरण घे. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण पिन ४२४१०१. सुरुवात ४२४ नं, जशी धुळ्याची ४२४००१ ची. उलट नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला, पण त्याचा पिन ४२५४१२. त्याचे पहिले तीन आकडे जळगावचे. पिन १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे आणि तो टपालाच्या वाटांवर बेतलेला आहे, जिल्ह्यांच्या नकाशावर नाही. लोक जिल्हा बघून अंदाजानं आकडा टाकतात आणि पार्सल आधी भलतीकडे जातं, मग परत येतं. एक आकडा चुकला की दोन दुपारी गेल्या. लाल शाईचा उपयोग एकच, पार्सल हातात घेणारा जरा हळू आपटतो.

प्रश्न : बहिणीला कैरीचं ताजं लोणचं काचेच्या बरणीत पाठवायचं आहे. खिडकीवरचे साहेब नाही म्हणाले. लोणचं तर वर्षभर टिकतं, मग अडचण काय?
— एक गृहिणी, अमळनेर

उत्तर : मुरलेलं लोणचं टिकतं. तुमचं तीन दिवसांचं आहे.

ताज्या लोणच्यातल्या कैरीला पाणी सुटत असतं, ते आंबत असतं, आणि आंबताना वायू सुटतो. घरी आपण बरणीला दादरा बांधतो तो त्यासाठीच. प्रवासात झाकण घट्ट लावलं की वायूला वाट नाही. माझ्या नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी वैशाखात अशीच एक बरणी मी घेतली. हलवून बघायला हवी होती, दाबून बघायला हवी होती, काहीच केलं नाही. बाई ओळखीच्या होत्या, गप्पांत पार्सल काट्यावर ठेवलं आणि पावती फाडली. रात्री बॅगेत बरणी फुटली. मोहरीचं तेल आणि हळद त्याच बॅगेतल्या चाळीस-पन्नास पत्रांवर पसरली. त्यात एका मुलीचं नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं होतं. पत्ता पिवळ्या तेलाखाली गेलेला. आम्ही तिघांनी पाकीट उजेडाकडे धरून अक्षरं लावली, आणि पोस्टमन दुसऱ्या दिवशी जादा फेरी मारून ते देऊन आला. मुलाखत चुकली नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक बरणी कानाशी धरून हलवायची. साहेब नाही म्हणाले त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

लोणचं महिनाभर मुरू द्या. काच नकोच, जाड प्लास्टिकची बरणी, वर बोटभर जागा रिकामी, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा. बरणी दोन पिशव्यांत, आणि पिशवी व खोक्याच्या मधे जुन्या सुती साड्यांच्या चिंध्या ठासून. तेलकट किंवा पातळ वस्तूंसाठी जगभरच्या टपालाचा नियमच असा आहे की आतलं भांडं फुटलं तरी सगळं शोषून घेईल इतका भुसा, कापूस किंवा तसलं काही भोवती हवं. खोकं उलटं करून रात्रभर ठेवा. सकाळी फरशीवर डाग दिसला नाही तर खिडकीवर या. तुपालाही हेच. आपल्या उन्हात ते पाण्यासारखं पातळ होतं.

प्रश्न : जाऊबाई दुबईला असतात. दिवाळीचे अनारसे पाठवायचे आहेत. टिकण्याचा प्रश्न नाही ना?
— एक वाचक, धुळे

उत्तर : टिकतील. पण खसखस काढा. म्हणजे खसखशीशिवाय करा.

खसखस अफूच्या झाडाचं बी आहे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळते, पण संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि तिथं ती अमली पदार्थांत धरतात. सिंगापूरलाही परवानगीशिवाय चालत नाही. अनारशावरची चिमूटभर खसखस जाऊबाईंना चौकीत बसवू शकते. पांढरे तीळ लावा. चव वेगळी लागेल, लागू द्या. हीच गोष्ट खसखस वाटून केलेल्या मसाल्याची.

अमेरिकेत कुणी असेल तर त्यांच्यासाठीही एक : ताजा कढीपत्ता पाठवू नका. कढीपत्ता आणि संत्र्या-लिंबाची झाडं एकाच कुळातली, आणि संत्र्याच्या बागा उजाड करणारा एक किडा कढीपत्त्यावरही राहतो. तिकडे तो पकडतात आणि नष्ट करतात.

प्रश्न : मी गांडूळखताचा छोटा धंदा सुरू केला आहे. बाहेरगावचे शेतकरी किलो-दोन किलो जिवंत गांडुळं मागतात. पोस्टानं पाठवता येतील का? आणि जिवंत काही पाठवता येतं का?
— एक तरुण, पारोळा तालुका

उत्तर : पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर मोठं मजेदार आहे, म्हणून जरा जास्त जागा घेते.

टपालाची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, स्वित्झर्लंडमधल्या बर्नला, १८७४ पासूनची. भारत तिच्यात १८७६ पासून आहे. तिच्या करारात जिवंत प्राणी पाठवायला मनाई आहे, आणि मनाईला अपवाद म्हणून नावं दिली आहेत : मधमाश्या, जळवा आणि रेशमाचे किडे. शिवाय पिकावरच्या किडी खाणारे मित्रकीटक आणि प्रयोगासाठी लागणाऱ्या फळमाश्या, पण त्या मान्यताप्राप्त संस्थांनी एकमेकींना पाठवलेल्याच. जळवा का, असं मी एका जुन्या साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, करार करणारे लोक डॉक्टरांना घाबरत असतील. खरं कारण, त्या काळी रक्त काढायला जळवा औषधाच्या दुकानात मिळायच्या आणि टपालानं यायच्या. गांडुळाचं नाव त्या यादीत नाही. आपल्याकडच्या १८९८ च्या कायद्यातही टपालाला किंवा टपालातल्या माणसाला इजा करील असा जीव पाठवायला मनाई होती. त्या जागी आता २०२३ चा कायदा आला, तो १८ जून २०२४ पासून लागू आहे.

अमेरिकेत १९१८ पासून एका दिवसाची कोंबडीची पिल्लं टपालानं जातात. ऐकून मला आधी वाईट वाटलं होतं. पण पिल्लू अंड्यातून निघायच्या आधी बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेतं आणि त्यावर साधारण ७२ तास दाणापाण्याशिवाय निभावतं. सगळी पिल्लं एकाच वेळी फुटत नाहीत, पहिल्यांना शेवटच्यांची वाट बघावी लागते, त्यासाठीची ही शिदोरी. टपालानं तिचा फायदा घेतला. त्याच देशात १ जानेवारी १९१३ ला पार्सल सेवा सुरू झाली आणि त्याच महिन्यात ओहायो राज्यात एका जोडप्यानं १५ सेंटची तिकिटं लावून तान्हं बाळ पोस्टमनबरोबर मैलभरावरच्या आजीकडे धाडलं. नंतर खात्यानं ते बंद केलं. पोस्टमनवर केवढा हा विश्वास!

आपणही मागे नव्हतो. कलकत्त्याचे स्टीफन स्मिथ टपाल रॉकेटनं पाठवायचे प्रयोग करत. १९३५ मध्ये त्यांनी रॉकेटमध्ये एक कोंबडा आणि एक कोंबडी घालून दामोदर नदीपलीकडे उडवली. दोन्ही जिवंत उतरली. १९९२ मध्ये टपाल खात्यानं स्मिथ यांच्या स्मरणार्थ तिकीटही काढलं. कोंबडीला कुणी विचारलं होतं का, हा माझा प्रश्न आहे.

आता तुझी गांडुळं. ती कातडीनं श्वास घेतात, त्यासाठी कातडी ओली लागते. ओल धरायची तर पार्सल गळणार, कोरडं ठेवायचं तर ती मरणार. वर ऊन. ३५ अंशांच्या पुढे त्यांचं कठीण होतं. म्हणून शेतकऱ्यालाच बोलव, सकाळी लवकर. गोणपाट भिजवून पिळून घे, तुझ्याच वाफ्यातलं अर्धं कुजलेलं शेण आणि पालापाचोळा तळाला घाल, त्यात गांडुळं, आणि दुपारच्या आत ती त्याच्या शेतातल्या सावलीत पोचली पाहिजेत. मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नको म्हणावं. मागच्या माणसाच्या मांडीवर.

प्रश्न : मी जळगावची, ताजी केळी दिल्लीतल्या मैत्रिणीला पाठवायची आहेत. जानेवारीत पाठवली तर थंडीमुळे चांगली टिकतील ना?
— एक तरुणी

उत्तर : उलट आहे. केळ्याला ऊन सोसवत नाही, पण थंडीही सोसवत नाही. साधारण १३ अंशांच्या खाली बराच वेळ राहिलं तर सालीखालच्या पेशी मरतात, साल राखेरी-काळी पडते आणि मग ते केळं कधी धड पिकतच नाही. मैत्रिणीला वाटेल, सडकी पाठवली. दिल्लीच्या जानेवारीतल्या रात्रीचं तापमान तूच बघ. फेब्रुवारी अखेर किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा.

पिकलेली कधीच नको. घड नको, फणी घे. पोक्त झालेली पण कच्ची हिरवी, कडा थोड्या गोलाईला आलेल्या. सावद्या-रावेरकडचा कुणी केळीवाला ओळखीचा असेल तर त्याला 'लांबच्या गाडीचा माल' म्हणून सांग, तो बरोबर कापून देईल. फणी कापल्यावर चीक गळतो, तो तासभर निथळू दे, नाहीतर डाग पडतात. कागदात गुंडाळ, खोक्यात फणीची पाठ वर आणि बोटांची टोकं खाली. खोक्यात सफरचंद, टोमॅटो असलं काही घालू नको. पिकताना फळं एक वायू सोडतात आणि त्यानं शेजारची कच्ची फळंही पिकायला लागतात. पोचल्यावर मैत्रिणीनं मात्र मुद्दाम एक पिकलेलं सफरचंद शेजारी ठेवावं.

प्रश्न : मुलगी नाशिकला होस्टेलवर आहे, तिला मधुमेह आहे. इन्शुलिन इथं ओळखीच्या दुकानात स्वस्त मिळतं. बर्फाच्या पिशवीत घालून पाठवू का?
— एक आई, शहादा

उत्तर : ताई, ही एक वस्तू मी तुम्हाला पार्सलानं पाठवू देणार नाही.

न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. बर्फाला टेकून गोठली तर ती वाया गेली. तापली तरी वाया. आणि दोन्ही वेळा पाण्यासारखी दिसते तशीच दिसू शकते. दूध नासलं तर कळतं, इन्शुलिन नासलं तर मुलीची साखर वाढेपर्यंत कळत नाही. वाचतील ते पैसे जाऊ द्या. डॉक्टरांची चिठ्ठी तिच्याजवळ द्या आणि नाशिकच्याच दुकानातून घ्यायला सांगा. तुम्ही स्वतः भेटायला जाल तेव्हा न्यायचं असेल तर थर्मासच्या पिशवीत, बर्फ आणि कुपीच्या मधे जाड टॉवेल, आणि आधी डॉक्टरांना विचारून. होस्टेलच्या फ्रिजमध्ये कुपी दारात ठेवावी, वरच्या बर्फाच्या कप्प्याखाली नाही.

प्रश्न : धाकटी मुलगी सुरतेला दिली आहे. यंदा आखाजीला तिला येता येणार नाही, दिवस जवळ आलेत. तिची आई म्हणते, "पोरले पुरणपोयी धाडनी शे." खापरावरची. पोस्टानं धाडली तर पोचेस्तोवर टिकेल का? वैशाखाचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.
— एक वडील, साक्री तालुका

उत्तर : दादा, पोस्टानं नाही टिकणार. मी जन्मभर पोस्टाचं मीठ खाल्लं, तरी सांगते. पुरणात गूळ आहे, डाळ आहे, ओल आहे. वैशाखातल्या एका दुपारीत ते आंबायला लागतं, दुसऱ्या दुपारीत तार येते. आणि तुमच्या मुलीच्या या दिवसांत तिच्या पोटात असलं काही जायला नको.

पण सुरत तुमच्यासाठी लांब नाही. धुळ्याहून रात्री निघणाऱ्या ट्रॅव्हल्स तुमच्या साक्रीवरूनच जातात. कोंडाईबारीचा घाट रात्री, नवापूर रात्री, आणि उजाडता उजाडता सुरत. वाटेत एकही दुपार लागत नाही. तिकडे आपली माणसं इतकी आहेत की उधन्याला गाडी उभी राहिली की अर्ध्या लोकांच्या हातात खान्देशातून आलेले डबे असतात.

वहिनींना सांगा, खापर संध्याकाळी चारला मांडा, सकाळी नाही. पुरण नेहमीपेक्षा कोरडं परता, उलथनं उभं राहील इतकं. दूध किंवा नारळ घालायचा नाही. खापरावरून उतरलेली पोळी लगेच घडी करून डब्यात घालायची घाई होते, ती करू द्यायची नाही. सुती धोतरावर एकेक पसरा, पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्या. गरम पोळी डब्यात घातली की वाफ झाकणाला लागते आणि थेंब परत पोळीवर पडतात, नासायला सुरुवात तिथूनच होते. मग घड्या घाला, मधे स्वच्छ सुती फडकी. छापील कागद नको, शाई पोळीला लागते. डबा स्टीलचा, आणि तो ओल्या पंचात गुंडाळून वर कापडी पिशवी. तूप वेगळ्या छोट्या डबीत, आमरस पाठवूच नका, आंबे पाठवा. सोबत सांजोऱ्या द्या भरपूर. त्या तळलेल्या, कोरड्या सारणाच्या, आठ दिवस कुठं जात नाहीत. पोळी तिनं त्याच दिवशी दुपारच्या आत संपवायची, सांजोरी बाळंतपणाला भेटायला येणाऱ्यांना पुरवायची.

जावईबापूंना गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन रात्रीच कळवा. डब्यावर मुलीचं नाव आणि नंबर दोन ठिकाणी लिहा, एकदा पिशवीवर आणि एकदा डब्याच्या तळाला, कारण पिशव्या बदलतात. डबा डिकीत ठेवू देऊ नका, तिथं इंजिनाची धग लागते. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, पायाशी नाही, मागच्या फळीवर. आणि त्याच्यासाठी एक पोळी वेगळी करा, तूप लावून, फडक्यात गुंडाळून, त्याच्या हातात द्या. ती डब्यात ठेवून 'यातली एक तू घे' म्हणू नका. डबा घाटात उघडला जातो.